बारा बायका, बारा ट्यूब आणि एक शिट्टी

समस्त वाचकांना, त्यातही ज्यांचं वजन ऐंशी किलोच्या पुढे आहे अशांना, पूर्ण गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, नदीत उतरल्यावर माणसाचा सर्वांत महत्त्वाचा अवयव मेंदू नसून बूड हा आहे. मेंदू काठावर ठेवून आलेली शेकडो माणसं मी सुखरूप परत आणली आहेत. बूड खाली सोडलेल्या माणसाला मात्र चार दिवस उभ्याने जेवावं लागतं. कारण उथळ धारेत ट्यूबच्या भोकातून जे खाली लोंबतं ते दगडाला लागतं, आणि दगड कुणाचं बूड आहे हे विचारत नाही. म्हणून धार आली की मी नदीभर घुमेल अशा आवाजात ओरडतो, "बूड वर." भोईवाड्याच्या कोर्टातले एक वकील, दोन डॉक्टर आणि एक कीर्तनकार यांनी ही आज्ञा माझ्या डोळ्यांदेखत तत्परतेने पाळलेली आहे. इतका अधिकार मला माझ्या घरात कधी मिळालेला नाही.

तर माझा धंदा असा की मी लोकांना ट्यूबमध्ये बसवतो आणि नदीत सोडून देतो. परळमध्ये एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघतो. आमची आई लालबागच्या खोलीत दारात बसून अजून म्हणते, "गावाक व्हाळ होतो, थंय आंघोळीक जा म्हटलंय तर पळान जायस. आता मुंबयची माणसां धरून न्हयत बुडवतंस?" मी तिला सांगतो की बुडवत नाही, तरंगवतो. तिला फरक पटत नाही. खरं सांगायचं तर हा फरक किती बारीक आहे ते मलाही एकदाच नीट कळलं, आणि तेच सांगायला आज बसलोय.

आधी नदीची ओळख. आम्ही जातो कोलाडच्या बाजूला. वर धरण आहे, वीजघर आहे. सकाळी ठरल्या वेळी पाणी सुटतं, आणि रात्रभर दगड उघडे टाकून पडलेली नदी बघता बघता भरून वाहायला लागते. दोन-तीन तास हा खेळ. मग पाणी उतरतं, दगड पुन्हा ऊन खायला बसतात. फणसवाडीतून एक निवृत्त हेडक्लार्क आले होते. इस्त्रीची पँट, काखेत छत्री. काठावर उभे राहून त्यांनी मला विचारलं, "नदी नक्की किती वाजता येते?" सगळे हसले. मीही हसलो. आज वाटतं की सोळा वर्षांत मला विचारला गेलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न होता. बाकीचे विचारतात, फोटो कुठे मिळतील.

त्याच हेडक्लार्कसाहेबांना मी ट्यूबमध्ये बसवलं. हेल्मेट घालून, हाताची घडी घालून, ते असे निघाले जणू आरामखुर्चीत बसून पेपर वाचताहेत. पहिल्या धारेत ट्यूब गरकन फिरली, त्यांची पाठ पुढे आणि तोंड मागे, तरी घडी सुटली नाही. शेवटच्या वळणावर बाहेर काढलं तेव्हा मला म्हणाले, "परब, चाळीस वर्षं खुर्चीत बसलो, पण खुर्चीने असं कधी पुढे नेलं नव्हतं हो."

हा आनंद मला शब्दांत मांडता येत नाही, म्हणून मी तो विकतो. तुम्ही आडवे, वर आभाळ, कानात पाणी, आणि खाली काहीतरी प्रचंड जिवंत तुम्हाला पाठीवर घेऊन धावतंय. हातात ना ब्रेक, ना स्टिअरिंग. मुंबईचा माणूस आयुष्यभर कुठे ना कुठे पोचायच्या गडबडीत असतो. इथे त्याला पहिल्यांदा कुणीतरी दुसरं पोचवतं. तो आधी घाबरतो, मग खिदळतो, आणि मग मोठमोठ्याने गाणी म्हणायला लागतो. गाणी म्हणणारा माणूस सुरक्षित आहे असं आम्ही धरतो. गप्प झालेल्याकडे लक्ष ठेवतो.

धोके फार नाहीत, पण जे आहेत ते पक्के आहेत. पहिला धोका पोहता येणारा माणूस. लालबागची पोरं समुद्रात पोहलेली, त्यांना वाटतं नदी म्हणजे समुद्राची धाकटी बहीण. ट्यूब उलटली की ती उभी राहायला बघतात. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाय दोन दगडांत अडकतो, मागून पाणी ढकलतं, आणि कमरेएवढ्या पाण्यात माणूस तोंडावर आडवा होतो. पाठीवर पडायचं, पाय पुढे, बोटं वर, आणि वाहत राहायचं, बस. दुसरा धोका पाण्यात पडलेलं झाड. त्याच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. चहाच्या गाळणीत पावडर अडकते तसा अडकतो. पाणी मात्र थांबत नाही, ते ढकलतच राहतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एकमेकांच्या ट्यूब बांधायच्या नाहीत, एकमेकांना धरून राहायचं नाही. एकटी ट्यूब दगडाला लागली तर गिरकी घेऊन सुटते. दहा ट्यूब जोडल्या की त्यातली एक अडकते आणि बाकीच्या नऊ तिला ओढतात.

हा तिसरा नियम मी रोज सांगतो. आणि तो मीच मोडू दिला.

भोईवाड्यात महिलांचं एक गोविंदा पथक आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्यातल्या निम्म्याजणी माझ्या गल्लीत राहतात आणि मला तिथे जगायचं आहे. पथकाची कप्तान शैलाताई. पोळीभाजी केंद्र चालवतात, त्यामुळे मनगटं अशी की हस्तांदोलन करताना माणसाने अंगठी काढून ठेवावी. त्यांची मुलगी स्नेहल, बावीस वर्षांची, अंगाने काडी, म्हणून पथकात सगळ्यात वरच्या थरावर. दसरा झाल्यावर शैलाताई माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "परबभाऊ, पोरींनी दोन महिने सराव केला, हंड्या फोडल्या, गुडघे फोडले. आता त्यांना कुठेतरी घेऊन जायचंय. पाण्यात न्या."

"पोहता येतं का?"

"एकीलाही नाही."

"मग उत्तम," मी म्हणालो, आणि ते मी मनापासून म्हणालो.

अकरा बायका आणि शैलाताई. पहाटे निघालेल्या बसमध्ये अशी काही धमाल की ड्रायव्हरने पनवेलला स्वतःहून सांगितलं, आज मी पण पाण्यात येतो. काठावर लाइफ जॅकेट घालताना मंदाकाकूंना, म्हणजे पथकाच्या खालच्या थरातल्या सर्वांत भक्कम बाईला, एकही जॅकेट पुरेना. शेवटी सर्वांत मोठं चढवलं, पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केले. मंदाकाकू म्हणाल्या, "बकल तुटलं तर नदीचा दोष, माझा नाही."

मग माझं भाषण. मी ते नाटकातल्यासारखं करतो, त्याशिवाय लोक ऐकत नाहीत. ट्यूबवर चढून उभा राहतो, हात पसरतो, आवाज खाली आणतो. बूड वर सांगितलं, झाड सांगितलं, उभं राहायचं नाही हे सांगितलं. हात धरायचे नाहीत हे सांगितलं. आणि शेवटी माझी शिट्टी काढून वाजवली. "ही शिट्टी ऐकली की सगळं सोडून माझ्याकडे बघायचं." बाराही जणींनी माना डोलावल्या. पथकाच्या बायका सूचना अशा ऐकतात की मला वाटलं, एवढा शिस्तीचा ग्रुप सोळा वर्षांत मिळाला नाही. वाचकहो, मी खुशीत होतो. खुशीत असलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

पुढे धर्मा, कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीत. धर्मा तिथल्याच वाडीतला, माझ्या वयाचा, नदीला नावाने हाक मारावी इतकी ओळख. शेवटी मी, दुसऱ्या कयाकमध्ये, सोबत दोरीची पिशवी. ही पिशवी म्हणजे आमचं ब्रह्मास्त्र. आत लांब दोर भरलेला असतो, एक टोक आपल्या हातात धरायचं आणि पिशवी बुडणाऱ्याकडे फेकायची.

पहिला अर्धा तास स्वर्ग. पहिल्या धारेत बारा बुडं एकदम वर आली, असं दृश्य कुठल्याही संचलनात दिसणार नाही. मंदाकाकूंची ट्यूब सर्वांत पुढे, कारण जड माणसाला नदी जास्त प्रेमाने नेते. त्या ओरडत होत्या, "शैला, मी पुढे गेले गं, आयुष्यात पहिल्यांदा पुढे गेले." त्यांचं खरं होतं. खालच्या थरातल्या बाईला सगळी हंडी खाली मान घालून ऐकावी लागते.

मग सपाट, संथ पाणी आलं. तिथे त्या एकमेकींजवळ आल्या आणि कुणीतरी हात धरला. मग दुसरीने तिसरीचा. बघता बघता बाराजणींची एक रांग, नदीच्या रुंदीत पसरलेली, हातात हात, आणि त्यांचं ते ढाक्कुमाकुम सुरू. ऊन पडलेलं, हेल्मेटं लाल-पिवळी, पाण्यावर आडवी पडलेली ती माळ. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. फोटो काढला. पुढे धार आली की सांगू, असं मनाशी म्हणालो. हे वाक्य माझ्या धंद्यात कुणी म्हणू नये.

पुढच्या वळणावर उजव्या काठाला एक उंबर पाण्यात आडवा पडला होता. धर्माला तो माहीत होता, मलाही माहीत होता. तिथे धर्मा कयाक घेऊन झाडाच्या अलीकडे थांबतो आणि येणारी प्रत्येक ट्यूब पायाने डावीकडे ढकलतो. एकेक ट्यूब ढकलता येते. बारा ट्यूबांची भिंत आली तर माणूस काय ढकलणार? रांगेने धर्मालाच उचलून बाजूला केलं आणि तो कयाकसकट झाडाच्या पलीकडे वाहून गेला.

रांगेच्या उजव्या टोकाला शैलाताई होत्या. त्यांची ट्यूब उंबरावर आदळली आणि अंगाखालून निसटून गेली. त्या छातीने फांदीवर आडव्या झाल्या, एका हाताने फांदी धरली. दुसरा हात स्नेहलच्या हातात. आणि स्नेहलच्या पुढे बाकीच्या दहाजणी, सगळी साखळी, वळून झाडाच्या खालच्या बाजूला गेली आणि धारेत ताणली गेली. अकरा बायकांचं ओझं शैलाताईंच्या त्या एका हातावर आलं. साखळी त्यांना फांदीखाली ओढत होती. पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं, मग ओठांना.

मी काठाला कयाक लावला, उतरलो, पळालो आणि शिट्टी फुंकली.

साखळी घट्ट झाली.

मी पुन्हा फुंकली. जोरात, लांब. साखळी आणखी घट्ट. मला दिसत होतं, मनगटांवरची बोटं पांढरी पडत होती. मी ओरडलो, "सोडा, हात सोडा." एकीचाही हात सुटला नाही. माझ्याकडे बघत होत्या सगळ्या, डोळे मोठे करून, सांगितल्यासारख्या. मी शिट्टी फुंकत होतो आणि त्या धरत होत्या.

याचा उलगडा नंतर काठावर मंदाकाकूंनी केला. तो इथेच सांगतो, नाहीतर तुम्ही त्या सगळ्याजणींना वेडं ठरवाल.

"तुम्ही शिट्टी वाजवत होता म्हणजे धरा म्हणत होता," काकू म्हणाल्या.

"काकू, मी सोडा म्हणत होतो."

"तोंडाने म्हणत होता. शिट्टी धरा म्हणत होती."

पथकात शिट्टी वाजते तेव्हा वरचा थर चढत असतो. शिट्टी वाजली की खालचीने पकड आवळायची, पायाखाली जमीन सरकली तरी सोडायची नाही. उतरताना शिट्टीच नसते. उतरताना सगळ्यात वरची आधी उतरते, आणि ती हलेपर्यंत खालच्या कुणीही हात हलवायचा नाही. वर्षानुवर्षं सरावात रोज संध्याकाळी घोटलेली गोष्ट. माझं दहा मिनिटांचं नाटक तिच्यापुढे काय टिकणार होतं? त्यांच्यातली सगळ्यात वरची म्हणजे स्नेहल. दहाजणी स्नेहलची वाट बघत होत्या. आणि स्नेहलच्या हातात तिची आई होती.

मी दोरीची पिशवी फेकली. ती फांदीवर पडली, शैलाताईंपासून हातभर लांब. त्यांना ती घ्यायला हातच नव्हता. एक फांदीवर, एक लेकीकडे. मी ओला दोर ओढून गोळा करायला लागलो. शैलाताईंचं तोंड पाण्याच्या वर आलं की त्या काहीतरी म्हणायच्या. सोड म्हणत होत्या हे ओठांवरून कळत होतं. स्नेहल जोरजोरात मान हलवत होती, नाही, नाही. तिने तर आता दुसरा हातही आईच्या मनगटाभोवती घातला होता. रांगेतली तिच्या पलीकडची वैशाली आता तिच्या जॅकेटच्या पट्ट्याला लटकलेली.

पाणी शैलाताईंच्या नाकाला लागलं. त्यांनी डोकं मागे टाकलं, एक श्वास घेतला. मला वाटलं, आता जाणार. सोळा वर्षं, आणि माझ्या हातून, माझ्या गल्लीतली बाई. माझी आई दारात बसलेली डोळ्यासमोर आली, हे मी कबूल करतो.

आणि त्या बाईने काय केलं तर मान वळवली, लेकीचं मनगट तोंडाजवळ ओढलं आणि कडकडून चावा घेतला.

साधं चावणं नव्हतं ते. पोळ्या लाटणारं, बायका पेलणारं, आयुष्यभर हुकूम सोडणारं ते अख्खं शरीर त्या दोन जबड्यांत उतरलं होतं. स्नेहलची किंकाळी वरच्या वाडीपर्यंत गेली असेल. तिची बोटं उघडली.

सगळ्यात वरची सुटली. मग काय सांगावं? पुढच्या क्षणाला वैशाली सुटली, तिची पुढची सुटली, टपटप सगळी साखळी मोकळी झाली आणि अकरा ट्यूब अकरा वाटांनी वळणाखालच्या डोहात निघून गेल्या, जिथे धर्मा कयाक सरळ करून एकेकीला गोळा करत होता. शैलाताईंचे दोन्ही हात फांदीवर आले. ज्या हातांवर तीन थर उभे राहतात त्या हातांनी स्वतःला वर घेणं काय अवघड? छाती वर आली, पोट वर आलं. दुसऱ्यांदा फेकलेली पिशवी त्यांच्या खांद्यावरच पडली. त्यांनी दोर घेतला, मी माझ्या कमरेला त्याचा वळसा घालून मागे रेलून बसलो, आणि त्या काठाला आल्या. उभ्या राहिल्या. मग बसल्या. आणि मग खूप ओकल्या, सगळी नदी.

या गोष्टीत मी वीर नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. फोटो मी काढला, शिट्टी मी फुंकली, पहिली पिशवी मी चुकवली. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही, पुसतही नाही. आता कुठलाही ग्रुप आला की भाषणाआधी मी विचारतो, तुमच्याकडे शिट्टी वाजली की काय करतात? एका शाळेच्या शिक्षकांनी सांगितलं, रांग लावतो. एका सोसायटीवाल्यांनी सांगितलं, वॉचमन आला समजतो. ढोलपथकवाल्यांनी सांगितलं, ठेका बदलतो. मग त्या दिवशी शिट्टी खिशात ठेवायची आणि हातातलं वल्हं आडवं करून थांबायची खूण ठरवायची. आणि संथ पाण्यात कुणी हात धरला, कितीही सुंदर दिसलं, तरी मी जाऊन सोडवतो. बायका चिडतात. नवरा-बायको तर फारच. चालतं.

पण त्या काठावर परत जाऊ.

मंदाकाकू डोहातून चालत वर आल्या, ट्यूब डोक्यावर, जॅकेटचं बकल शाबूत. त्यांच्यामागून बाकीच्या, एकेक करून. सर्वांत शेवटी धर्माने स्नेहलला आणलं. ती धावली नाही. चालत आली, गुडघ्यांवर बसली, आणि तिने आईला पाठीमागून दोन्ही हातांनी मिठी मारली. डाव्या मनगटावर वरचे आणि खालचे असे दातांचे पूर्ण अर्धगोल उमटले होते, रक्त येत होतं. शैलाताई थरथरत होत्या. त्यांचं ओलं जॅकेट काढून अंगावर कोरडं काहीतरी टाकणं गरजेचं होतं.

धर्मा चादर घेऊन उभा होता. मी वाकून म्हणालो, "स्नेहल, बाळा, आता सोड तिला. जॅकेट काढू दे."

ती हलली नाही.

"स्नेहल," शैलाताई पुटपुटल्या, "सोड गं. दम कोंडतोय."

स्नेहलने नाक आईच्या ओल्या खांद्यात खुपसलं, पकड आणखी आवळली आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, मोठ्याने म्हणाली, "आता चावलीस तरी नाही सोडणार."